खळ्यातला साकव

सुगंधा पालवच्या हातून एकोणीस पूल, चार धरणं आणि डोंगरातला एक बोगदा पार पडला होता, पण त्यातलं काहीच तिने डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

एकविसाव्या वर्षी ती मुंबईतल्या एका बांधकाम कंपनीच्या नियोजन विभागात ट्रेसर म्हणून लागली. इंजिनियर लोक कामांची यादी करून द्यायचे, कोणतं काम किती दिवसांचं, कोणतं कोणाच्या आधी, कोणतं कोणाच्या नंतर. सुगंधाने त्याचं जाळं काढायचं. प्रत्येक काम म्हणजे एक बाण. जिथे एक काम संपून दुसरं सुरू होतं तिथे एक वर्तुळ, वर्तुळात आकडा. मोठ्या धरणाचं जाळं काढायला भिंतीएवढा कागद लागायचा आणि त्यावर चार-चारशे वर्तुळं बसायची. पुढे संगणक आले, ती तेही शिकली. पण साहेबांना मोठ्या बैठकीसाठी हाताने काढलेला कागदच लागायचा, कारण सुगंधाची वर्तुळं एकमेकांच्या अंगावर कधी येत नसत.

जेवणानंतरच्या सुस्त वेळी, खिडकीतून येणाऱ्या सारख्या उजेडात, ती त्या कागदात हळूहळू उतरायची. वर्तुळ चौदा, नदीपात्रातला खड्डा पूर्ण. असं लिहिता लिहिता तिला ओल्या मातीचा वास यायचा. वर्तुळ तीसपाशी तिने एक मोठं झाड मनातल्या मनात लावलं होतं, वर्तुळ पस्तीसपाशी पाण्याचा हौद. शेजारच्या टेबलावरून कोणी हाक मारली की ती दचकून वर यायची आणि तिच्या लेखणीची शाई तेवढ्यात वाळलेली असायची.

बोगद्याचं काम उत्तरेकडे कुठेतरी लांब डोंगरात चाललं होतं. तिथून दर महिन्याला टपालाने प्रगतीचा तक्ता यायचा. तो भरणाऱ्या इंजिनियरचं नाव हरिश्चंद्र. एकदा तक्त्याच्या खाली बारीक पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ‘वर्तुळ एक्केचाळीसपाशी रोज सकाळी एक म्हातारा मेंढ्या घेऊन थांबतो. तो काम अडवत नाही, आम्हीच थांबतो.’ सुगंधाने पुढच्या महिन्याच्या कागदावर वर्तुळ एक्केचाळीसच्या शेजारी एक मेंढी काढली, मुगाच्या दाण्याएवढी. साहेबांच्या नजरेत ती आली नाही. त्यानंतर दर महिन्याला पेन्सिलीची एक ओळ यायची. इथे बर्फ पडला. इथे दगडातून कोमट पाणी निघालं. ती उत्तरादाखल काहीतरी इवलंसं काढायची. दोन वर्षं आणि काही महिने हे चाललं. मग बोगदा संपला आणि हरिश्चंद्र दुसऱ्या कंपनीत परदेशी गेला, असं कोणीतरी चहा पिताना म्हणालं. पुढच्या कामाचे तक्ते दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात आले, खालून कोरे. तिने चौकशी केली नाही. कोणाकडे करायची, आणि काय म्हणून? त्याच वर्षी आईचं दुखणं वाढलं, धाकट्या परशुरामचं शिक्षण व्हायचं होतं, आणि तिचं लग्न हे असं काम होतं की ते थोडं मागे ढकललं तरी कोणाचं काही अडत नव्हतं. म्हणून ते मागे गेलं, आणखी मागे गेलं. कधी संपलं ते कळलं नाही.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ती गावी आली. धामापूरच्या तळ्यापासून पायवाटेने तासाभरावर तिचं गाव. घरात परशुराम, त्याची बायको शेवंती, आणि पुढे शेणाने सारवलेलं मोठं खळं, म्हणजे अंगण. दुपारी ती पडवीत बसायची. शेवंती काजू सोलता सोलता बोलत राहायची आणि सुगंधा हं, हं करत माडांच्या सावल्या खळ्यावरून सरकताना बघायची. शेवंतीला वाटे, वन्सं जरा झोपाळू आहेत. तसं नव्हतं. बघण्यासारखं काहीतरी समोर ठेवून नुसतं बघत बसायचं, याची तिला सवय होती. कागद तेवढा आता नव्हता.

गावाच्या पलीकडे व्हाळ, म्हणजे मोठा ओढा होता आणि व्हाळापलीकडे अकरा घरांची कोंडवाडी. पाऊस सरला की वाडीतले लोक पोफळीची खोडं आणि बांबू टाकून साकव बांधत आणि पुढच्या पावसात तो वाहून जाई. मग चार महिने दूध, टपाल आणि दुखणी सगळी पलीकडेच थांबत. त्या वर्षी पक्का साकव मंजूर झाला. दोन काठांना दोन, मध्ये एक असे तीन खांब, वर स्लॅब. काम कसालच्या सर्वेश नावाच्या ठेकेदाराने घेतलं. पस्तिशीचा, अंगाने सडपातळ, बोलायला गोड. त्याने सिमेंट ठेवायला पालवांचा मांगर, म्हणजे सामानाची खोप मागितली आणि मांगराच्या दारावर आतून कामाचं वेळापत्रक चिकटवलं.

सुगंधा केरसुणी ठेवायला मांगरात गेली आणि त्या कागदासमोर उभी राहिली ती राहिलीच.

“मॅडम, काय बघताय?” मागून सर्वेश आला. नोकरी केलेल्या बाईशी तो शुद्ध बोलायचा.

“मधल्या खांबाचं खोदकाम दहा फेब्रुवारीला लिहिलंय.”

“हो.”

“तिथे तेव्हा छातीभर पाणी असेल.”

“आटेल हो. संक्रांतीनंतर व्हाळ आटतोच की.”

“हा नाही आटत. खाली बंधारा आहे.”

सर्वेशने डोक्यावरची टोपी काढली. दिवाळीनंतर गावकरी माती, दगड आणि झाडाच्या फांद्या घालून व्हाळ अडवत. त्या पाण्यावर वायंगण, म्हणजे उन्हाळी भात व्हायचं. सगळ्या गावाला हे इतकं ठाऊक होतं की त्याला सांगायचं कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

“बंधारा फोडतात कधी?” त्याने विचारलं.

“शेवटच्या शेताला पाणी नको झालं की.”

“म्हणजे कधी?”

“ते शेताला विचारायला लागेल,” सुगंधा म्हणाली.

शेवटचं शेत भाईंचं. सत्तरीचे गृहस्थ, घर अलीकडच्याच काठाला. डिसेंबरात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे लावणी मागे पडली होती. बाकीच्यांना पंचवीस मार्चनंतर पाणी लागणार नव्हतं. सुगंधा वही घेऊन त्यांच्या बांधावर जाऊन बसली.

“भाई, तुमका पाणी खंयपर्यंत व्हया?”

“भात सांगतला,” भाई म्हणाले.

“तरी पण. सगळा बरा झाला तर लवकरात लवकर कधी?”

भाईंनी लोंब्या नसलेल्या हिरव्या शेतावरून नजर फिरवली. “सहा एप्रिल.”

“आणि सगळा वायट झाला तर?”

“थंडी लांबली, कीड पडली, तर वीस.”

“आणि नेहमीसारखा झाला तर?”

“धा. धा तारखेक पाणी तोडूचा.” मग ते तिच्याकडे वळले. “इतक्या बारकायेन माका कोणी इचारूक नाय आजपर्यंत. भात कधी येतला इतक्याच इचारतत.”

तिने वहीत मांडलं. लवकरचा आकडा एकदा, उशिराचा एकदा, नेहमीचा चार वेळा, आणि बेरजेला सहाने भागलं. अकरा एप्रिल आलं. नेहमीच्यापेक्षा एक दिवस पुढे, कारण वाईट व्हायला जागा जास्त होती. मग तिथून पुढे मोजलं. पात्र सुकायला चार दिवस. खडक लागेपर्यंत खोदायला सहा. पाया आणि खांब मिळून पंधरा. स्लॅबखालचे टेकू, पत्रे आणि सळ्या बारा. स्लॅब एक दिवस. मग एकवीस दिवस स्लॅबवर पाणी मारायचं आणि तोवर टेकू हलवायचे नाहीत.

“नऊ जून,” तिने सर्वेशला सांगितलं.

सर्वेश हसला, मग हसायचा थांबला. त्याच्या कागदावर काम एप्रिलच्या मध्यालाच संपत होतं. नऊ जूनला टेकू व्हाळात उभे असतील आणि त्या सुमारास वरच्या डोंगरातून पाणी यायला लागतं. टेकू गेले की कच्चा स्लॅब त्यांच्यामागून जाणार. त्याने हे एकदा दुसरीकडे पाहिलेलं होतं.

“आत्या,” तो म्हणाला, मॅडम म्हणायचं त्या दिवसापासून सुटलं, “ह्या माका वायच चित्र काढून दाखवा.”

घरात एवढा मोठा कागद नव्हता. सुगंधाने दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंतीचा रांगोळीचा डबा घेतला आणि खळ्यात बसली. तुळशीपासून आंब्याच्या झाडापर्यंत तिने सगळा साकव मांडला. वर्तुळं ताटाएवढी, बाण हातभर लांब. शेवंती चहा घेऊन आली ती दारातच थबकली.

“वन्सं, ह्या काय घातलास? आता मी कपडे खंय वाळत घालू?”

“कडेन जा. बाणावर पाय देव नको.”

शेवंती कडेने आली आणि वाकून बघू लागली. एका ठिकाणी दोन वर्तुळांच्या मध्ये नुसते ठिपके होते. “ह्यो बाण तुटलो काय?”

“नाय. ह्या बाणात काम नाय, दिवस पण नाय. ह्या झाल्याशिवाय ता सुरू होऊचा नाय, इतक्याच तो सांगता.”

“कामधंदो नाय आणि तरी अडवून ठेवता,” शेवंती म्हणाली. “तुमच्या भावासारखोच.” आणि आत निघून गेली.

कोंबड्या वर्तुळातून फिरल्या, वाऱ्याने रांगोळी सरकवली, सुगंधाने ती पुन्हा भरली. तीन-चार दिवसांत गावात गवगवा झाला की पालवांच्या खळ्यात साकव काढलाय. येणारेजाणारे बघायला थांबू लागले. सुगंधाला संकोच वाटला नाही याचं तिचं तिलाच नवल वाटलं. सदतीस वर्षं तिच्या कागदासमोर साहेब लोक उभे राहिले होते, पण ते फक्त तारखा बघत. हे लोक खाली बसून, हनुवटी हाताला टेकून, ‘ह्या खंयचा पाणी?’ असं विचारत होते.

पुढच्या रविवारी सर्वेशने कोंडवाडीतल्या सगळ्यांना बोलावलं. घरटी एक-दोन माणसं आली. सुगंधाला भाषण येत नव्हतं. ती म्हणाली, “समजावन सांगण्यापेक्षा चालून बघूया.”

तिने प्रत्येकाला एक काम दिलं. रुक्मिणी म्हणून वाडीत एक ठसठशीत बाई होती, तिला अलीकडचा खांब. तिच्या जावेला पलीकडचा. कोणाला चिरे आणायचे, कोणाला खडी, कोणाला सळ्या वाकवायच्या. नियम दोनच. सुगंधा मोठ्याने दिवस मोजणार, आपल्या बाणावर जेवढे दिवस असतील तेवढे मोजून होईपर्यंत चालायचं. आणि वर्तुळात पोचलं की तिथे येणारे सगळे जमेपर्यंत पुढे पाऊल टाकायचं नाही.

“एक,” सुगंधा म्हणाली. “दोन. तीन.”

माणसं चालू लागली. सकाळचं ऊन होतं, कोणी हसत नव्हतं. रुक्मिणी अठराव्या दिवशी वर्तुळात पोचली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग तिची जाऊ आली. मग चिरे आले, खडी आली. सुगंधा मोजत होती आणि तिला त्या आकड्यांची गुंगी चढत होती. तिच्या कागदावरच्या बाणांना पाय फुटले होते, पायांत जोडवी होती, तळव्यांना भेगा होत्या. पस्तीस. छत्तीस. सगळी माणसं आता एकाच वर्तुळापाशी दाटीवाटीने उभी होती आणि पुढे कोणी जाऊ शकत नव्हतं, कारण त्या वर्तुळात येणारा एक बाण रिकामा होता.

“ह्या कोणाचा?” खळ्याच्या कडेला भाई काठी टेकून कधी येऊन उभे राहिले होते ते कोणी पाहिलं नव्हतं.

“तुमच्या भाताचा,” सुगंधा म्हणाली.

भाईंनी चपला काढल्या. ते हळूहळू बाणाच्या सुरुवातीला गेले आणि चालू लागले. त्यांचा बाण सगळ्यांत लांब होता. सुगंधा मोजत राहिली. साठच्या पुढे गेल्यावर भाई मध्येच थांबले आणि त्यांनी समोर बघितलं. वर्तुळापाशी वाडीतली वीसबावीस माणसं त्यांच्याकडे तोंड करून उभी होती. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मागणीही नव्हती. नियम होता म्हणून ती उभी होती.

“इतकी माणसा माझ्यासाठी खोळंबली आसत?” भाई म्हणाले.

एक कोंबडी मध्येच घुसली, तिला रुक्मिणीने पायाने हाकललं.

“माझा भात मी सुकवूचंय नाय,” भाई म्हणाले.

“सुकवू नका,” सुगंधा म्हणाली. “बंधारो पंचवीस मार्चाक फोडलो तर अकरा एप्रिलपर्यंत तुमका सतरा दिवस पाणी व्हया. वरच्या कोंडीत, त्या डोहात, पाणी ऱ्हवता. इंजिन लावून थंयसून तुमच्या शेतात घालूया.”

“आणि ता कोण घालतला? मी या डोळ्यान?”

“आम्ही घालतलव,” रुक्मिणी म्हणाली. “घरटी एक दिवस. अकरा घरा, अकरा दिवस. उरलेल्या सहा दिवसांक पयली सहा घरा परत.”

भाई बराच वेळ काठीच्या टोकाने रांगोळी न विस्कटता जमीन टोकरत राहिले. मग म्हणाले, “इंजिन चालू करून घराक जाऊचा नाय. पाणी शेवटच्या वाफ्यात पोचासर उभा ऱ्हवाचा.” आणि उरलेला बाण चालून वर्तुळात जाऊन उभे राहिले.

बंधारा ठरल्या दिवशी फोडला. पाणी आधी लाजल्यासारखं थोडं थोडं गेलं, मग एकदम. संध्याकाळपर्यंत व्हाळाचं पोट उघडं पडलं. चार दिवसांनी सुगंधा चपला हातात घेऊन त्यात उतरली. शेवाळलेले गोटे, चिखलात तडफडून गेलेली एखादी मासळी, बाईच्या बांगडीचा तुकडा. मधल्या खांबासाठी चुन्याने आखलेल्या चौकोनात ती जाऊन उभी राहिली. तळव्याला गारवा लागला. वरून, दोन्ही काठांच्या मधल्या मोकळ्या जागेतून, एक खंड्या निळा पट्टा ओढत गेला. माझी किती वर्तुळं, तिच्या मनात आलं, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर असं आभाळ असणार. मजूर कुदळी घेऊन आले, ती तरी तिथेच होती. “आत्या, बाजूक होवा,” असं सर्वेशला दोनदा म्हणावं लागलं.

भाईंच्या शेतावर रोज सूर्य उगवताना कोणीतरी असायचं. नवव्या दिवशी इंजिन बंद पडलं. त्या दिवशी पाळी रुक्मिणीची होती. तिने वाडीत हाळी दिली आणि बायका कळश्या घेऊन आल्या. कोंडीपासून शेतापर्यंत त्यांची रांग लागली. सुगंधाही रांगेत उभी राहिली. तिच्या हातात कधी भरलेली कळशी यायची, कधी रिकामी. पाणी हिंदकळून कोपरापर्यंत ओघळायचं. डावीकडून येतं, उजवीकडे द्यायचं. काही वेळाने तिला वाटलं की आपण हे झोपेत करतो आहोत आणि झोप फार छान आहे. दुपारपर्यंत पाणी एक कोपरा सोडून सगळीकडे पोचलं. इंजिन दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालं, पण तो कोपरा पिवळा पडला तो पडलाच. भाई पुढे कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवायचे. “सुगंधाच्या वर्तुळान खाल्लो ह्यो कोनो.” भात मात्र घरात आलं.

बंधारा लवकर फोडला आणि खळ्यातल्या जाळ्याचं रूप बदललं. सुगंधा दर रविवारी जुनी रांगोळी झाडून नवी घालायची. एप्रिलच्या पहिल्या रविवारी ती घालता घालता थांबली आणि तिने सर्वेशला फोन केला.

“आता भाताची वाट सगळ्यांत लांब ऱ्हवली नाय. खांब एकोणीस एप्रिलाक होतलो. स्लॅबखालचे पत्रे कधी येतले?”

पत्रे दुसऱ्या कामावर अडकले होते, पंचवीसच्या आत सुटणार नव्हते. “तुमका कसा कळला?”

“कळला नाय. एक वाट आखडली की दुसरी सगळ्यांत लांब ठरता. म्हणून इचारलंय.”

सहा दिवस जाणार होते. सर्वेश म्हणाला, दुप्पट माणसं लावतो, कुठूनतरी पत्रे उचलून आणतो. सुगंधाने त्याला थांबवलं. हातात सतरा दिवस आहेत, त्यातले सहा जाऊ देत. धावायला लागलं की चुका होतात, आणि स्लॅबमधली चूक कोणी परत खोदून काढत नाही. सर्वेशने त्या सहा दिवसांत मजुरांना घरी सोडलं. कित्येक महिन्यांनी तो स्वतःही कसालला आपल्या घरी दोन दिवस नुसता झोपला, असं त्याने नंतर सांगितलं.

स्लॅब आठ मेला पडायचा होता, मिक्सरने दगा दिल्यामुळे नऊला पडला. त्यानंतर एकवीस दिवस करण्यासारखं काहीच नव्हतं. स्लॅबवर गोणपाटं अंथरलेली, सकाळ-दुपार-संध्याकाळ वाडीतलं कोणीतरी येऊन त्यावर पाणी मारायचं. खळ्यातलं जाळंही आता उरलं नव्हतं, फक्त एक लांब बाण आणि टोकाला एक वर्तुळ.

त्या बाणाच्या आत सुगंधा राहायला गेली म्हणायला हरकत नाही. दुपारी ऊन असं तापायचं की कावळे चोची उघड्या ठेवून बसायचे. जेवण झालं की ती व्हाळात उतरायची आणि स्लॅबखाली टेकूंच्या दाटीत जाऊन बसायची. शेकडो बल्ल्या सरळ उभ्या, त्यांच्यामधून झिरपून हिरवट झालेला उजेड, आणि वरून गोणपाटांचं पाणी फटींतून थेंब थेंब खाली पडायचं. कुठे गोट्यावर, कुठे वाळूत, कुठे तिच्या हातावर. प्रत्येक थेंबाचा आवाज वेगळा. पहिले दोन दिवस ती बसली. तिसऱ्या दिवशी गोट्यावर पदर अंथरून आडवी झाली आणि तिला झोप लागली.

इतक्या वर्षांत दुपारी ती जागेपणीच कुठे कुठे जाऊन यायची, झोपली कधी नव्हती. आता झोपली तर स्वप्नात काही आलंच नाही. ना बोगदा, ना बर्फ, ना मेंढ्या. नुसता गारवा आणि पाण्याची टपटप. जाग आली तेव्हा शेवंती शेजारी बसून काजू सोलत होती.

“तू कधी इलंस?”

“मगाशीच. घरात गरम होता.” शेवंतीने एक काजूगर तिच्या हातावर ठेवला. “वन्सं, तुम्ही घोरतास.”

दोघी हसल्या. मग रोज दोघी येऊ लागल्या. शेवंती बोलायची, सुगंधा हं म्हणायची. एकदा शेवंतीने विचारलं, “मुंबयत तुमचा असा कोण होता काय? बोलूक, बसूक?” सुगंधाने हरिश्चंद्रच्या पेन्सिलीच्या ओळींबद्दल सांगितलं, मेंढीबद्दल सांगितलं. हे तिने आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. सांगायला घेतलं तर चार मिनिटांत संपलं.

“इतक्याच?” शेवंती म्हणाली.

“इतक्याच.”

शेवंतीने सोललेले काजू पदरात घेतले आणि त्यातले मूठभर सुगंधाच्या ओंजळीत घातले.

तीस मेला टेकू काढले. सर्वेशने आधी मधल्या बल्ल्या सैल केल्या, मग कडेच्या. लोक दोन्ही काठांवर उभे होते. पत्रे सुटताना मोठा आवाज झाला, स्लॅब जागच्या जागी राहिला. नारळ फोडला. सर्वेश म्हणाला, आत्या, पहिल्यांदा तुम्ही चाला. पण तोवर पलीकडून रुक्मिणीची म्हैस दावं सोडवून निम्म्यात आली होती. तिच्यामागून रुक्मिणी, आणि मग सगळेच. सुगंधा गर्दीत कुठेतरी मधोमध होती. खालची जागा एकदम उघडी आणि मोठी दिसत होती. आपली दुपारची खोली कोणीतरी रिकामी केली, असं तिला वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

जूनच्या आठ तारखेला व्हाळ दोन्ही काठ भरून आला.

ऑगस्टमध्ये सर्वेशचा फोन आला. आंबोलीच्या बाजूला त्याने एका ओढ्यावरच्या मोरीचं काम घेतलं होतं, दिवाळीनंतर सुरू व्हायचं. त्याने कामांची यादी केली होती. “व्हॉट्सॲपवर धाडू? तुम्ही घराकडे बसून काढा.”

“धाडू नको,” सुगंधा म्हणाली. “आधी जागा दाखव.”

ती आणि शेवंती सकाळच्या एसटीने निघाल्या. घाट चढताना खिडकीबाहेर झाडं होती, मग झाडांची टोकं राहिली, मग तीही गेली. सर्वेश छत्री घेऊन थांब्यावर आला होता. तिघे रस्ता सोडून उतरणीवरून खाली गेले. धुकं इतकं होतं की शेवंतीला आपल्या हातातली पिशवी धड दिसत नव्हती.

“हीच जागा,” सर्वेश ओशाळून म्हणाला. “आज काहीच दिसना नाय, आत्या. तुमका उगाच एवढ्या लांब आणलंय.”

“पाणी खंय आसा?”

“ह्या बाजूक.”

सुगंधाने त्याच्या कोपराला धरलं आणि एकेक पाऊल टाकत त्या बाजूला गेली. चिखल, मग दगड, मग पायाला थंड धार. तिने उजवीकडे कान दिला, मग डावीकडे. पाणी दोन ठिकाणांहून येत होतं.

“दोन ओढे आसत,” ती म्हणाली. “तुझ्या यादीत एक आसा.”

सर्वेशने खिशातून यादी काढली आणि धुक्यात डोळ्यांजवळ धरली.

शेवंतीला थंडी वाजत होती. रस्त्याकडेच्या टपरीवर तिघांनी भजी खाल्ली, चहा प्यायला. परतीची गाडी चारची होती. सर्वेश म्हणाला, दोन वाजता वडापची जीप मिळेल, लवकर घरी पोचाल. सुगंधाने नको म्हटलं. तिने बाकड्यावर पाय वर घेतले, कपाभोवती हात गुंडाळले आणि ओढा जिथे असायला हवा होता त्या पांढऱ्या बाजूला तोंड करून बसली.